आमच्या आमदारांनी मत काय दिलं? विधानसभेच्या कार्यवाहीचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन तारे. दोन का कापले ते सविस्तर सांगते, कारण ही सेवा आपल्या सगळ्यांच्या पैशातून चालते आणि ती वापरणारी माणसं मात्र फार थोडी दिसतात.

विधानसभेची कार्यवाही, म्हणजे सभागृहात जे बोललं गेलं त्याचा शब्दशः वृत्तांत, विधानमंडळाच्या वेबसाइटवर कोणालाही फुकट वाचता येतो. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार जे बोलला ते कागदावर आलं पाहिजे आणि जे बोलला नाही ते येता कामा नये, या एका गोष्टीवर माझी सगळी नोकरी झाली. कार्यवाही वाचायला घेतली तीही त्याच नजरेने. मला हवं होतं ते साधं होतं: ज्या विधेयकांवरून बाहेर मोर्चे निघाले, त्यांवर आमच्या मतदारसंघाच्या आमदारांनी मत कोणत्या बाजूने टाकलं?

आधी कौतुक, कारण ते मनापासूनचं आहे. विधानमंडळातले प्रतिवेदक, म्हणजे सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपणारे लोक, जे काम करतात त्याला तोड नाही. थोड्या थोड्या वेळाने प्रतिवेदक बदलतो, आणि असुधारित प्रतीत पानाच्या शेवटी ‘यानंतर श्री. अमुक’ अशी पुढच्याची नोंद असते. एक वाक्य एकाने अर्धं सोडावं आणि दुसऱ्याने तिथूनच उचलावं, असं हे काम. आमच्याकडे दोघं एकदम बोलायला लागले की न्यायाधीश हात वर करायचे. तिथे दहा-वीस सदस्य एकदम उभे राहतात, वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतात, आणि तरीही मंत्र्यांचं उत्तर कागदावर येतं. लक्षवेधी, तारांकित प्रश्न, औचित्याचे मुद्दे, सगळं सापडतं. आमदार काय बोलला हे पाहायचं असेल तर बिनधास्त वाचा. तीन तारे त्याचेच.

घोडं अडतं ते मतदानापाशी.

विधेयकावरची चर्चा संपली की अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही. दोन्हीकडून आवाज उठतो, अध्यक्ष ‘होयचे बहुमत’ असं जाहीर करतात आणि विधेयक संमत होतं. कागदावर येतं ते एवढंच. 288 पैकी होय कोण म्हणालं, नाही कोण म्हणालं, कोण तोंड मिटून बसलं होतं आणि कोण त्या वेळी मतदारसंघात कुणाच्या लग्नात होतं, काहीच कळत नाही. यात प्रतिवेदकाचा दोष नाही. जे मोजलंच गेलं नाही ते तो कुठून लिहिणार? घटनेचा अनुच्छेद 189 सांगतो की निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने व्हायचा. पण प्रत्यक्ष मोजणी होते ती आवाजी मतदानाच्या निकालाला कुणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली तर. सभागृहात तिला ‘पोल’ म्हणतात.

पोल न झाल्याने काय होतं ते 12 नोव्हेंबर 2014 ला अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. भाजपने निवडणुकीत 122 जागा जिंकल्या होत्या, बहुमताला हवेत 145. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता आणि शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीची मागणी लावून धरली, ती मान्य झाली नाही. सरकार तरलं, पण कुणाच्या मतांवर तरलं याची नोंद नाही. राष्ट्रवादीच्या 41 आमदारांना निवडून देणाऱ्या लोकांना आपल्या मताचं त्या दिवशी काय झालं, हे आजही कागदावरून सांगता येणार नाही. विरोधात म्हणून निवडून दिलेला माणूस सरकारच्या बाजूने होय म्हणाला की नाही, एवढं तरी त्यांना कळायला नको?

आता मोजणी झालेल्या दिवसांची पानं काढा. 30 नोव्हेंबर 2019: उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने 169, विरोधात शून्य, चार जण तटस्थ, आणि भाजपचा सभात्याग. 3 जुलै 2022: अध्यक्षपदासाठी राहुल नार्वेकर यांना 164 आणि राजन साळवी यांना 107. (ही निवडणूक आधी गुप्त मतदानाने व्हायची, डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलून ती खुली केली. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, तो कुठल्या पक्षाने आपल्या सोयीसाठी केला असला तरी.) दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव, 164 विरुद्ध 99. दोन्ही दिवस शिरगणती झाली, एकेक सदस्य जागेवर उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता. 4 तारखेला दारं बंद झाल्यावर पोहोचलेल्यांना आत येता आलं नाही, त्यात अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार यांच्यासारखे माजी मंत्री होते. मोजणीच्या दिवशी उशिरा येणंसुद्धा असं लोकांसमोर येतं.

म्हणजे मोजता येत नाही असं नाहीच. खुर्ची कुणाची हे ठरवायचं असतं तेव्हा एकेक माणूस उभा करून मोजतात. कायदा करायचा असतो तेव्हा आवाजावर भागवतात. माझी तक्रार ही एवढीच आहे, आणि ती मला लहान वाटत नाही. सरकारं येतात आणि जातात. कायदा आपल्या मुलांच्या मुलांपर्यंत राहतो.

अगदी अलीकडचं उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. सरकार म्हणत होतं शहरी नक्षलवादाला आळा घालायचा आहे, विरोधक आणि संघटना म्हणत होत्या की आंदोलन करणारा कोणीही यात अडकेल. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून 12,000 हून अधिक सूचना आल्या. समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ सदस्यही होते, पण भिन्न मतपत्रिका, म्हणजे अहवालाशी असहमतीची लेखी नोंद, कुणी जोडली नाही. 10 जुलै 2025 ला विधानसभेत ते आवाजी मतदानाने संमत झालं. उघड विरोध केला तो एकट्या विनोद निकोले यांनी, डहाणूचे माकपचे आमदार. परिषदेत दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सभात्याग केला.

माझं निकोले यांच्या पक्षाशी काही देणंघेणं नाही, पण डहाणूच्या मतदाराचा मला हेवा वाटतो. 2019 च्या त्या चार तटस्थांत माकपचं एक मत होतं, ते निकोले यांचंच. 2025 मध्ये ते विरोधात बोलले. पटो न पटो, आपला आमदार दोन अवघड दिवशी कुठे उभा होता हे तिथल्या माणसाला सांगता येतं. मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात फोन करून जनसुरक्षेबद्दल विचारलं. स्वीय सहायक अदबीने म्हणाले, “मॅडम, साहेब त्या दिवशी हजर होते.” हजर होते हे ठीक. मी विचारलं, होय म्हणाले की नाही? “पक्षाची जी भूमिका तीच साहेबांची.” पुढे काही नाही. आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला किंवा खरं मानायला माझ्या हातात एक ओळही नाही.

यावर लोक लगेच म्हणतात, व्हिप असतो हो, पक्ष सांगेल तसंच मत द्यावं लागतं, मग शोधून काय मिळणार? घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, 1985 साली आली, व्हिपविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते, हे खरंच. पण व्हिप पाळला की मोडला हे तरी कशावरून ठरवणार, मोजलं नसेल तर? आणि पक्षाच्या दबावाखाली दिलेलं मतसुद्धा त्याच माणसाने दिलेलं असतं. त्याचं उत्तर त्यानेच मतदारसंघात येऊन द्यावं.

एकमताने संमत झालेली विधेयकं तर आणखी अवघड. 20 फेब्रुवारी 2024 च्या एकदिवसीय विशेष अधिवेशनात मराठा समाजाला 10 टक्के आरक्षण देणारं विधेयक एकमताने संमत झालं. तेव्हा गावोगावी मराठा आणि ओबीसी या प्रश्नावर समोरासमोर उभे होते, आणि आत एकही नाही नव्हतं. अशा वेळी भाषणं, दुरुस्त्या आणि नंतर जिल्ह्यात येऊन केलेली वक्तव्यं शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात. वेळ जातो, पण माणूस कळतो.

लोकसभेचं रेकॉर्ड याबाबतीत बरंच बरं आहे. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल 2025 मध्ये 288 विरुद्ध 232 अशी मतविभागणी झाली. मतविभागणी झाली की होय आणि नाही म्हणणाऱ्यांची नावं तिथल्या कार्यवाहीत छापली जातात. खासदाराला मत विचारलं तर पान दाखवता येतं. मुंबईच्या आमदारांची प्रगतिपुस्तकं प्रजा फाउंडेशन ही संस्था काढते, त्यात हजेरी आणि प्रश्न चांगले तपासलेले असतात, तीही जरूर पाहा. मताचा रकाना मात्र त्यांनाही भरता येणार नाही, नोंदच नाही तर.

वापरायचं असेल तर असं वापरा. आधी विधेयक कोणत्या तारखेला संमत झालं ते वर्तमानपत्रातून काढा, मग त्या दिवसाची कार्यवाही उघडा आणि शासकीय विधेयकांपर्यंत खाली या. भाषणं वाचा, पण त्यावर थांबू नका. कलमवार विचार सुरू होतो तिथे दुरुस्त्या कुणी मांडल्या आणि कुणी मागे घेतल्या ते पाहा. मी आता सगळ्यात आधी तेच पाहते. जोरदार भाषण करून दुरुस्ती मुकाट मागे घेणारे आमदार तिथे उघडे पडतात. शेवटी पोल कुणी मागितला का, ते शोधा.

आमच्या आमदारांना मी पत्र लिहिलंय. त्यात एकच मागणी आहे: नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ज्या विधेयकाला तुमचा विरोध असेल त्यावर पोल मागा, आणि पाठिंबा असेल त्यावरही मागा. उत्तर आलं तर हा रिव्ह्यू बदलेन आणि चौथा ताराही देईन.