‘मरीन ग्रेड’ म्हणून गळ्यात मारलेल्या लोखंडी खुंट्या

महामार्गालगतच्या एका दुकानदाराने ‘मरीन ग्रेड 316 स्टेनलेस’ सांगून मला जे विकलं, ते साधं लोखंड निघालं, वर चकचकीत मुलामा दिलेलं. सिंधुदुर्गाकडे कॅरॅव्हॅन घेऊन येणाऱ्यांनी ऑनिंगच्या (गाडीच्या बाजूला ताणायच्या कापडी शेडच्या) खुंट्या घेण्याआधी हे वाचावं.

त्याची पद्धत बघा. काउंटरवर एक नमुना ठेवलेला. लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही. ‘‘बघा साहेब, गंज येवचो नाय, माझी गॅरंटी.’’ मग आतून सीलबंद पुडकं आणलं. त्यावर ना बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ना छापील किंमत. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘पक्क्या बिलाला जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान.’’ चिठ्ठीवर ‘टेंट सामान’ एवढंच खरडून दिलं, आणि पैसे भरायला क्यूआर कोड पुढे केला तो दुकानाचा नव्हे, भलत्याच माणसाच्या नावाचा.

तारकर्लीच्या पुढे देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, सगळी पुळण. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि समुद्राकडच्या खुंट्या एकामागून एक उपटून आल्या. गुळगुळीत, करंगळीएवढ्या सळया त्या, वाळूत धरणार काय? दोरीच्या टोकाला भिरभिरणारं लोखंड शेजारच्या गाडीच्या काचेला लागलं नाही, हे नशीब. एक उचलून पाहिली. डोक्याशी जिथे हातोडी बसली होती, तिथला मुलामा कांद्याच्या सालीसारखा सुटला होता. नखाने ओढला तर खाली लालसर गंज. चुंबक नेला, टपकन चिकटला.

पण नुसत्या चुंबकावरही जाऊ नका. तो जोरात चिकटला तर माल 316 नाही हे नक्की. पण 202 नावाचं स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला धरत नाही, आणि खाऱ्या हवेत ते टिकत नाही. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्याचं काम मिठाला तोंड देणं. तेव्हा पुडकं दुकानातच फोडायला लावा, प्रत्येक नग तपासा आणि ग्रेड पक्क्या बिलावर लिहून घ्या. लिहायला का-कू करणाऱ्याकडून घेऊच नका.

खरं तर 316 च्या नादी लागायचीही गरज नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या), इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या, हातभर लांब पट्ट्या पुळणीत उत्तम धरतात, परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन ठेवायच्या, बस्स. ठोकताना डोकं शेडच्या उलट बाजूला कललेलं हवं, दोरीशी काटकोनात. वाळू फारच भुसभुशीत असेल तर वाळूने भरलेली गोणी दोरी बांधून आडवी पुरा. जांभ्याच्या सड्यावर मात्र वाळूसाठीच्या या पट्ट्या वाकतात. तिथे जाड पोलादी मेखा लागतात, आणि त्याही शिरत नसतील तर पाण्याने भरलेले कॅन. वारा वाढला की ऑनिंग सरळ गुंडाळा.

परत गेलो तर ‘‘हा माल आमचा नाहीच’’ म्हणाला. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद, चिठ्ठी आणि पुडक्याचे फोटो जोडले. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. दुकानदार अजून माझा फोन उचलत नाही.