अपग्रेडनंतर ग्रब मोडला: बूट-रिपेअर चालवावं की हातानं दुरुस्त करावं?

उबंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ वरून २४.०४ वर जाताना किंवा मिंट या दुसऱ्या लिनक्सचं मोठं अपग्रेड करताना मशीन परत उठलंच नाही, म्हणजे संगणक सुरू होताना लिनक्स चालू करून देणारा ग्रब हा प्रोग्राम मोडला, तर पुढे साधारण तीन वाटा असतात. लाइव्ह पेनड्राईव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं) बूट-रिपेअर हे दुरुस्तीचं साधन चालवायचं. त्याच लाइव्हमधून सीएचरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या मोडलेल्या सिस्टीमच्या आत शिरून, हातानं ग्रब बसवायचा. किंवा सुपर ग्रब२ डिस्कनं मशीन एकदाचं सुरू करून आतूनच दुरुस्ती करायची. सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल करणं ही चौथी वाट मी धरतच नाही. ऐन संत्र्याच्या हंगामात अडत्याच्या मशीनवर प्रिंटर, मराठी कीबोर्ड आणि हिशेबाच्या फायली पुन्हा जुळवत बसण्यापेक्षा ग्रबची दुरुस्ती केव्हाही लहान.

मी वरूड भागात राहतो. शाळेची लॅब, बाजारातली काही दुकानं आणि ओळखीपाळखीच्या घरची लिनक्स मशीनं माझ्याकडे येतात. तिन्ही वाटांनी मशीनं उठवली आहेत. पुढचं मत त्या अनुभवाचं आहे, मोजमापाचं नाही. पक्कं इंटरनेट आणि इन्व्हर्टर असलेल्या शहरातल्या माणसाचा कौल वेगळा पडू शकतो, आणि त्याच्या जागी तो बरोबरही असेल.

"भाऊ, स्क्रीनवर नुसतं ग्रब रेस्क्यू येऊन रायलं" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: अपग्रेड चालू असताना लाईन गेली होती का? आमच्याकडे बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं, आणि त्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं. लाईन गेली असेल तर ग्रब हे फक्त वरवरचं दुखणं असतं. आत पॅकेजं (सॉफ्टवेअरचे संच) अर्धवट कॉन्फिगर झालेली असतात, नवा कर्नल (लिनक्सचा मूळ भाग) आलेला असतो पण सुरू होताना त्याला लागणारी इनिटरॅमएफएस फाईल तयार झालेली नसते. अशा मशीनवर ग्रब कितीही नीट बसवला तरी मेनू येतो, कर्नल सुरू होतो आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' (मुख्य पार्टिशन उघडता येत नाही) म्हणत तिथेच थांबतो.

लाईन गेली नव्हती, अपग्रेड शेवटपर्यंत नीट झालं आणि तरी ग्रब पडला, तर जुन्या बायोसवाल्या मशीनमध्ये (बायोस ही मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत, यूईएफआय ही नवी) मी हार्डडिस्क बदलली होती का हे विचारतो. हार्डडिस्क क्लोन करून एसएसडी बसवलेली असली की डेबियन-उबंटूच्या नोंदीत 'ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा' याचं उत्तर जुन्या डिस्कचंच राहतं. अपग्रेडमध्ये ग्रबचे मॉड्यूल (सुटे भाग) नवे येतात, पण डिस्कच्या सुरुवातीचा गाभा जुनाच राहतो, आणि दोघांचं जुळत नाही. जुलै २०२० मध्ये ग्रबमधल्या बूटहोल नावाच्या सुरक्षा-त्रुटीचा सुधार आला तेव्हा अनेक मशीनं 'सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' म्हणत पडली, त्यामागे हेच कारण होतं.

एक प्रकार या तुलनेतून बाजूलाच काढतो. विंडोज शेजारी असलेल्या मशीनवर 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असं येत असेल, तर मोडलं काहीच नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जुने शिम (ग्रबच्या आधी चालणारा, सही केलेला छोटा प्रोग्राम) नाकारायला सुरुवात केली, त्याचा तो परिणाम. तिथे सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) बंद करून लिनक्समध्ये जायचं, मॉकयुटिल या कमांडनं एसबॅटचं, म्हणजे जुने शिम रोखणारं, धोरण काढायचं, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि शिम अद्ययावत करून सिक्युअर बूट परत चालू करायचं.

आता बूट-रिपेअर. या साधनाबद्दल मला आदर आहे आणि तो औपचारिक नाही. 'रेकमेंडेड रिपेअर' हे एक बटण दाबलं की ते सगळी पार्टिशनं तपासतं, बायोस की यूईएफआय ते ओळखतं, ईएसपी (यूईएफआयचं बूट पार्टिशन) शोधतं, ग्रब बसवतं, मेनू नव्यानं तयार करतं. कोणतं पार्टिशन कशाचं हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासाठी हे फार मोठं काम आहे. त्याहून मोलाचा वाटतो तो त्याचा बूट-इन्फो अहवाल. काहीही न बदलता तो नुसता अहवाल तयार करू शकतो: कोणत्या डिस्कच्या सुरुवातीला काय आहे, एफस्टॅब या पार्टिशनांच्या यादीत कोणते यूयूआयडी (पार्टिशनांचे ओळखक्रमांक) लिहिलेत, फर्मवेअरच्या बूट यादीत काय आहे. दूर बसलेल्या माणसाला तेवढा पाठवला की फोनवरचे निम्मे प्रश्न संपतात. वीसेक किलोमीटरवरच्या गावातलं मशीन असेल तर मी आधी हाच अहवाल मागवतो. मिंटच्या लाइव्हमध्ये बूट-रिपेअर आधीपासून असतं, हीसुद्धा मोठी सोय. उबंटूच्या लाइव्हमध्ये मात्र ते पीपीए (पॅकेजांचा बाहेरचा साठा) जोडून उतरवावं लागतं.

आणि इथेच माझं अडलं. लाइव्ह सत्राला काही आठवत नाही. पीपीए जोडा, पॅकेजांच्या याद्या उतरवा, मग बूट-रिपेअर उतरवा. तेवढ्यात लाईन गेली की हे सगळं मेमरीतून पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्या गावात लाईन गेली की थोड्या वेळानं मोबाईलचा टॉवरही मान टाकतो, म्हणून लाईन आली तरी नेट लगेच येत नाही. मिंटचा पेनड्राईव्ह घेतला तर उतरवण्याचा भाग टळतो, पण पूर्ण नाही. पॅकेजं अर्धवट असतील किंवा ग्रब मुळापासून काढून पुन्हा घालायचा असेल, तर बूट-रिपेअर इंटरनेट मागतं, आणि लाईन जाऊन मोडलेल्या मशीनला नेमकं तेच हवं असतं. फोनचा हॉटस्पॉट खिडकीच्या गजाला टांगून, सिग्नलच्या एका रेषेवर ते उतरत असताना मी पुष्कळ वेळ घालवला आहे. त्यात बूट-रिपेअरचा दोष नाही, ते नेट असणार असं धरून बनवलेलं आहे. पण दुरुस्तीला लागणारी वस्तू समोरच्या डिस्कवर पडलेली असताना ती पुन्हा गावाबाहेरून मागवायची, हे मला पटेना.

कारण ती वस्तू खरंच डिस्कवर असते. उबंटूचं मोठं अपग्रेड आधी सगळी पॅकेजं उतरवून घेतं आणि मगच ती बसवायला लागतं. त्यामुळे बसवण्याच्या मध्येच लाईन गेली असेल तर उरलेली सगळी डेब पॅकेजं एपीटीच्या (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या) साठ्यात जशीच्या तशी असतात. ग्रबचे मॉड्यूलही त्या सिस्टीममध्येच असतात. सीएचरूट करून आत गेलं की मोडलेलं अपग्रेड तिथूनच पुढे नेता येतं, आणि मी त्या वाटेनं गेलो तेव्हा बहुतेकदा हॉटस्पॉट चालू करायची वेळ आली नाही. या मुद्द्यावर माझं पारडं झुकलं.

हातानं करायचा क्रम फार मोठा नाही. आधी लाइव्ह कोणत्या पद्धतीनं सुरू झालंय ते पाहा: 'सिस'खालच्या 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर जुनं बायोस. मशीनवरचं लिनक्स ज्या पद्धतीचं, त्याच पद्धतीनं लाइव्ह सुरू झालं पाहिजे. नसेल तर इथेच थांबून पुन्हा सुरू करा. मग रूट पार्टिशन (जिथे लिनक्स बसलंय ते) 'एमएनटी' या फोल्डरवर माउंट करायचं, म्हणजे जोडायचं. 'बूट' वेगळं असेल तर ते त्याच्या जागी, यूईएफआय असेल तर ईएसपी 'बूट'खालच्या 'ईएफआय'वर. पार्टिशन बीटीआरएफएस पद्धतीचं असेल तर '@' हे सबव्हॉल्यूम (त्यातला कप्पा) सांगून माउंट करायचं, नाहीतर आत गेल्यावर ओळखीचं काही दिसत नाही. नंतर 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' बाइंड करायचे, म्हणजे लाइव्हमधले हे फोल्डर आतही दिसतील असे जोडायचे, आणि सीएचरूट.

आत गेल्यावर ग्रबला हात लावायच्या आधी डिस्क भरली आहे का ते 'डीएफ'नं पाहा. लहान, वेगळं 'बूट' पार्टिशन असलेल्या मशीनवर जुने कर्नल साचतात आणि नव्या इनिटरॅमएफएसला जागाच उरत नाही. तसं असेल तर एखादा जुना कर्नल काढा. मग अर्धवट पॅकेजं पूर्ण करायला 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. तो संपला की 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ऑल'. एवढं झाल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल': बायोसच्या मशीनवर त्याला पूर्ण डिस्क सांगायची, म्हणजे एसडीए, एसडीए१ नव्हे, यूईएफआयवर डिस्क सांगायची गरज नाही. शेवटी 'अपडेट-ग्रब'. यूईएफआयवर 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' असं आलं तर एकतर लाइव्ह चुकीच्या पद्धतीनं सुरू झालंय, नाहीतर ईएफआयव्हार्स (यूईएफआयच्या नोंदींचं फोल्डर) आत माउंट व्हायचं राहिलंय.

यात खर्च आहे तो लक्ष देण्याचा. डिस्कचं नाव चुकलं तर ग्रब दुसऱ्याच डिस्कवर जाईल. पेनड्राईव्हही एसडीबी म्हणून त्याच यादीत असतो. म्हणून दर वेळी 'एलएसबीएलके'नं डिस्कची यादी काढून आकारावरून डिस्क ओळखायची. एनक्रिप्ट केलेली डिस्क असेल तर ती उघडताना क्रिप्टटॅब या नोंदीच्या फाईलमध्ये लिहिलेलंच नाव द्यावं लागतं, नाहीतर नव्या इनिटरॅमएफएसला ती सापडत नाही. ज्याला टर्मिनलची सवय नाही त्याला हे पहिल्यांदा जड जाईल, हे मी मान्य करतो. पण दर पायरीवर नेमका कशानं नकार दिला ते समोर दिसतं, आणि मध्येच लाईन गेली तरी आधीच्या पायऱ्यांचं काम डिस्कवर राहतं. पुन्हा माउंट करायचं आणि पुढे चालू.

सुपर ग्रब२ डिस्कबद्दल थोडक्यात. ती दुरुस्ती करत नाही. डिस्कवरच्या सिस्टीम शोधून त्यातली तुम्ही निवडाल ती सुरू करून देते. फक्त ग्रब पडलेला असेल आणि आतलं सगळं धड असेल, तर यासारखी सोपी वाट नाही: आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपवर जायचं, टर्मिनल उघडून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' द्यायचं. एसएसडी बदललेल्या मशीनवर मी हेच करतो. तिची फाईल लहान आहे आणि व्हेंटॉयच्या (एकाच पेनड्राईव्हवर अनेक सिस्टीम ठेवू देणाऱ्या साधनाच्या) पेनड्राईव्हवर मिंटच्या शेजारी सहज बसते. अर्धवट अपग्रेडमध्ये मात्र तिचा उपयोग होईलच असं नाही. जुना कर्नल शाबूत असेल तर कधी निभतं.

कोणत्याही वाटेनं गेलात तरी बायोसवाल्या मशीनवर एक गोष्ट करून घ्या: 'डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-पीसी' चालवून योग्य डिस्कसमोर खूण आहे का ते पाहा. ग्रब बसला म्हणजे ती नोंद बदलली असं नसतं, आणि नोंद जुनी राहिली तर पुढच्या एखाद्या ग्रब अपडेटला तेच मशीन तसंच पडेल.

तेव्हा तुमच्याकडे नेट भरवशाचं असेल, लॅपटॉपला बॅटरी असेल आणि मशीन एकदाच सुधारायचं असेल, तर मिंटच्या लाइव्हमधलं बूट-रिपेअर घ्या. मी आडकाठी करणार नाही. पण मशीनं अनेक असतील, डेस्कटॉप असतील आणि लाईनचा भरवसा नसेल, तर सीएचरूट एकदा शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. शाळेतल्या सरांना मी व्हेंटॉयचा पेनड्राईव्ह दिला आहे, त्यात मिंट आणि सुपर ग्रब२ डिस्क दोन्ही आहेत, आणि वरच्या सगळ्या कमांड मोठ्या अक्षरात छापलेला एक कागद लॅबच्या भिंतीवर लावला आहे. आधी कागदाप्रमाणे जायचं. जिथे अडेल तिथे बूट-रिपेअर उघडून फक्त अहवाल काढायचा, नेट आलं की मला पाठवायचा, आणि तोवर दुसरं कोणतंही बटण दाबायचं नाही.