मोर आधी, रांजण नंतर: चिंचोली-निघोजची अर्ध्या दिवसाची ट्रिप

आधीच सांगते, हीच ट्रिप आम्ही गेल्या ऑक्टोबरात केली होती आणि पार फसली होती. तेव्हा मोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या, पुणे जिल्ह्यातल्या मोराच्या चिंचोलीतल्या एका कृषी पर्यटन केंद्राचं फुल डे पॅकेज घेतलेलं (नाव नाही सांगत), पोचेस्तोवर साडेदहा वाजले, मोर कुठायत विचारलं तर म्हणे "येतील की संध्याकाळी", आणि तोवर काय तर रेन डान्स नि कानठळ्या बसवणारा स्पीकर. त्या आवाजात मोर कशाला येतोय, मीसुद्धा थांबले नसते पैसे भरलेले नसते तर. शेवटी लांब बांधावर एक दिसला तर त्याला पिसाराच नाही, लेक विचारते "आई, ही लांडोर आहे का?" तिथून निघोजला रांजणखळगे, म्हणजे कुकडी नदीच्या कातळातले रांजणासारखे खोल खड्डे बघायला गेलो तर नदी दुथडी भरून वाहतेय, सासूबाई म्हणाल्या, रांजण कुठायत गं, ही तर नुसती नदीच आहे!

मग घरी येऊन जरा डोकं चालवलं तेव्हा कळलं की चूक जागेची नव्हती, आमच्या टायमिंगची होती. मोराचा पिसारा पावसाळा सरता सरता गळून जातो, नवा पूर्ण भरायला फेब्रुवारी तरी उजाडतो. आणि रांजणखळगे बघायचे तर नदीला पाणी कमी हवं. म्हणजे नाच बघायला पावसाळा पाहिजे आणि खळगे बघायला पावसाळा नको, अशी गंमत आहे! दोन्ही एका सकाळी जमवायचं तर मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा, वळवाचे एक-दोन शिंतोडे झालेले पण नदी अजून न चढलेली. यंदा आम्ही नेमकं तेच साधलं.

पुण्यातल्या खराडीहून पहाटे पाचला निघालो. ही वेळ फार महत्त्वाची आहे बरं का, कारण सातनंतर वाघोली म्हणजे काय ते नगर रोडवाल्यांना सांगायला नको. शिक्रापूरला डावीकडे वळलं की रस्ता मोकळा, सव्वासहाला गावात. या वेळी मोठं केंद्र टाळून एका शेतकरी कुटुंबाकडे आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं, फक्त सकाळचा चहा-पोहे आणि सोबत न्यायला जेवण. ना डीजे ना स्विमिंग टँक, एक पत्र्याचं घर, पुढे अंगण, चिंचेची झाडं. गावाच्या नावातली चिंच तीच.

पहिला आवाज आला तो केकांचा नाही, पत्र्यावर नखं वाजल्याचा! वर बघतो तर मोर आरामात पन्हाळीवर चालतोय. त्या घरच्या दादांनी अंगणात मूठभर ज्वारी फेकली आणि सासूबाईंना म्हणाले, "आजी, खुर्ची भिंतीकडं घ्या, हललं की जात्यात ती." मग पंधरा मिनिटात लेकीने अकरा मोजले, लांडोरी वेगळ्या. नाचला एकच, पाचेक मिनिटं, अख्खा पिसारा उभा करून तो थरथरवत गोल फिरला, आणि ज्या लांडोरीसाठी हे सगळं चाललेलं ती पाठ करून ज्वारी टिपत होती. नवरा म्हणाला मला याचं दुःख कळतंय. साडेसातला ऊन वर आलं की सगळे झाडोऱ्यात गायब, म्हणजे नऊला पोचणाऱ्यांनी काय बघायचं ते तुम्हीच ठरवा. एक मात्र, मुलांना आधीच बजावून न्या की मागे धावायचं नाही. समोरच्या बांधावर एक ग्रुप मोबाईल धरून पळत होता, त्यांना शेवटपर्यंत फक्त शेपट्या दिसल्या.

पोहे ठीकच होते, चहा फारच गोड. ते जाऊ दे.

तिथून कान्हूर मेसाई, मलठण, कवठे येमाई करत टाकळी हाजी, साधारण तीस-पस्तीस किलोमीटर. मध्ये थोडे खड्डे आहेत, पाऊण तास ते एक तास धरा. नगर रोडने शिरूरला वळसा घालायची गरज नाही, मॅप कधीकधी तिकडे ढकलतो. टाकळी हाजी पुणे जिल्ह्यात आणि समोरचा तीर निघोजचा, म्हणजे पारनेर तालुका, आता अहिल्यानगर जिल्हा. मधून कुकडी, वर मळगंगा देवीचं देऊळ.

आणि खाली ते खळगे! फोटोत काही कळत नाही हो. काळा कातळ सरळ चिरत गेलाय आणि त्यात एकाला एक लागून रांजणाच्या आकाराचे खोल खड्डे, आतून असे गुळगुळीत की कुंभाराने चाकावर हात फिरवलाय. पुराच्या पाण्यात भोवरा झाला की त्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरत बसतात, वर्षानुवर्षं, हजारो वर्षं, आणि बेसाल्टला भोक पाडतात. कोरड्या खळग्यात वाकून बघा, तळाशी ते गोटे अजून पडलेले असतात, कोरणारेच झिजून अंड्यासारखे गोल झालेत. लेकीला हे इतकं आवडलं की मोर विसरली, एकेका खळग्यात डोकावून "इथे कारागीर आहे, इथे नाही" असं करत होती. सासूबाई म्हणाल्या आमच्या माहेरी परसात असाच रांजण होता, मी आत पडले होते एकदा. तीस वर्षांत ही गोष्ट घरात कुणी ऐकली नव्हती.

पण जपून. कडा गुळगुळीत आहेत, सगळीकडे कठडा नाही, ज्या खळग्यात पाणी आहे तो किती खोल ते वरून कळत नाही. चप्पल नको, ग्रिपवाले बूट घाला, पोहायला तर अजिबात उतरू नका. गुडघे दुखणाऱ्यांना वरूनही बरंच दिसतं, सासूबाई थोड्या अंतरापर्यंतच आल्या. आणि कचरा, अरे देवा, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, एका सुंदर खळग्यात चक्क वेफर्सची पाकिटं तरंगत होती. चैत्रातल्या यात्रेच्या सुमारास तर गर्दी तुडुंब असते, तेव्हा निवांत बघायचं विसराच. सावली जवळजवळ नाही, साडेदहानंतर कातळ तापतो, म्हणून मी म्हणते मोर आधी, रांजण नंतर, पण अकराच्या आत. निघायच्या आदल्या दिवशी गावात कुणाला तरी फोन करून नदीला पाणी सुटलंय का एवढं नक्की विचारा, कारण वरच्या धरणातून सोडलं असेल तर भर उन्हाळ्यातही खळगे बुडालेले मिळतात.

देवळाजवळ झाडाखाली डबा सोडला. चिंचोलीच्या त्या घरच्या वहिनींनी बांधून दिलेली मासवडी, तिचा झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. पोह्यांचे मार्क कापलेले इथे परत देते, वर एक जास्तच. रस्सा गळला आणि डिकीला अजून वास येतोय पण तक्रार नाही.

परतीला शिरूरमार्गे आलो, रांजणगावचा गणपती वाटेतच आहे पण रविवारची रांग बघून बाहेरूनच हात जोडले. दोनला घरी. मोरांना पाच स्टार, खळग्यांना पाच, तिथल्या स्वच्छतेला दीड, आणि गेल्या वर्षीच्या त्या स्पीकरला शून्य.