साताऱ्यातला पीसीआर वर्ग : हात बसतो, पण लॅमिनार बघून घ्या

बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी किंवा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) झालेल्या मुलांसाठी साताऱ्यातल्या एका खासगी लॅबमध्ये सहा आठवड्यांचा पीसीआर वर्ग चालतो. पीसीआर म्हणजे नमुन्यातल्या डीएनएच्या असंख्य प्रती करून जंतू ओळखण्याची चाचणी. बॅच लहान असते, त्यामुळे मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन) प्रत्येकाच्या हातात येते. द्रव घेताना बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. आणि जमलं की नाही ते काट्यावर ठरतं. १०० मायक्रोलिटर पाणी १०० मिलिग्रॅम भरलंच पाहिजे. शिकवायची ही पद्धत उत्तम आहे.

नमुन्यातून आरएनए (अनेक विषाणूंचं जनुकीय द्रव्य) काढण्याचा भागही मनापासून घेतात. धुण्याच्या द्रावणातलं इथेनॉल कॉलममध्ये (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या नळीत) राहिलं तर पीसीआर अडते, म्हणून शेवटी कॉलम रिकामाच एकदा फिरवून घेतात. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) ग्वानिडिन हे रसायन असतं. तो सांडला तर त्यावर ब्लीच ओतायचं नाही, विषारी वायू सुटतो. ही सूचना भिंतीवर ठळक मराठीत लावलीय, त्याबद्दल मनापासून शाबासकी.

रिझल्ट वाचायलाही नीट शिकवतात. नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेल्या ट्यूबमध्ये यंत्रावरचा वक्र वर गेला (म्हणजे डीएनए वाढला) तर सगळा रन बाद. नमुन्यात काहीच दिसलं नाही आणि इंटर्नल कंट्रोलही (चाचणी नीट चालली का ते दाखवणारी खूण) आला नाही, तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. आरएनए निघालाच नसेल किंवा अभिक्रिया अडली असेल.

‘व्हायरॉलॉजिस्ट बना’ ही जाहिरात मात्र दिशाभूल करणारी आहे. या प्रमाणपत्रावर फार तर टेक्निशियनची नोकरी मिळायला मदत होईल. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूचा माग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने काढला. त्या कामाकडे जायचं तर एम.एस्सी., मग जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) किंवा एखाद्या प्रकल्पातली जागा, पुढे पीएच.डी. आणि जैवसुरक्षेचं वेगळं प्रशिक्षण, असा लांबचा रस्ता आहे.

सगळ्यात गंभीर गोष्ट लॅमिनारची, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या कपाटाची. इथे स्वॅबच्या ट्यूबा आडव्या लॅमिनारमध्ये उघडतात. त्यातली हवा गाळणीतून निघून थेट काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येते. जंतू वाढवायच्या प्लेटा ओतायला ते ठीक, पण रुग्णाचा नमुना उघडायला क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटच लागतं. त्यात समोरच्या जाळीतून हवा आत ओढली जाते, म्हणून कामाआधी पाच मिनिटं ते चालू ठेवायचं आणि जाळीवर वही, टिश्यू, कोपर काही टेकवायचं नाही.

दुसरी खोट खोलीची. मास्टर मिक्स (पीसीआरसाठीच्या रसायनांचं मिश्रण) जिथे बनवतात तिथेच पीसीआर झालेल्या ट्यूबा जेलसाठी, म्हणजे तयार झालेला डीएनए जेलवर चालवून बघण्यासाठी, उघडतात. त्यातून उडालेला डीएनए पुढच्या रनमध्ये शिरतो आणि पाण्याची ट्यूबसुद्धा पॉझिटिव्ह येते. स्वतंत्र खोली नसेल तर निदान जेल तरी इथे दाखवू नये.

फी भरण्याआधी लॅब आतून दाखवायला सांगा आणि कॅबिनेट आलंय का आणि त्यावर वर्षाच्या आतल्या तपासणीचं स्टिकर आहे का ते बघा. कॅबिनेट येईपर्यंत पिपेटिंग आणि निष्क्रिय केलेल्या नमुन्यांवरचं काम शिका. जिवंत नमुना त्या लॅमिनारमध्ये उघडायला सांगितलं तर साफ नकार द्या.