प्राग की क्राकूफ? चार रात्री हातात असणाऱ्यांसाठी

मध्य युरोपच्या सहलीचा ठरलेला मार्ग म्हणजे प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. आपल्याकडच्या बहुतेक टूर कंपन्यांच्या पत्रकांत हीच नावं असतात आणि पोलंडचं क्राकूफ त्यात क्वचितच सापडतं. स्वतःची सहल स्वतः आखणाऱ्यांपुढे मात्र हा प्रश्न येतोच: एकाच जुन्या शहरात तीन-चार रात्री काढायच्या असतील, तर प्राग घ्यावं की क्राकूफ? दोन्ही शहरांत मी निवांत राहून आले आहे आणि माझा कौल क्राकूफला आहे. पण तो सगळ्यांना लागू पडेल असं नाही, म्हणून दोन्हीकडची बाजू मांडते.

आधी प्राग. सौंदर्यात या शहराचा हात धरणारी शहरं थोडी आहेत, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. चौथ्या चार्ल्सने 1357 मध्ये बांधायला घेतलेला चार्ल्स पूल, त्यावरचे तीस पुतळे, खाली व्लतावा नदी आणि समोर टेकडीवर पसरलेला किल्ला. हे दृश्य फोटोंत कितीही वेळा पाहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात उणं वाटत नाही. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये संपलं. आत चेक चित्रकार आल्फोन्स मुखाने केलेली रंगीत काचांची खिडकी आहे. बाहेरचा उजेड तिच्यातून येत असेल तेव्हा तिथून पाय निघत नाही. गॉथिकपासून आर्ट नूव्होपर्यंत प्रत्येक काळाची इमारत एकाच फेरफटक्यात दिसते. संगीताची आवड असेल तर प्रागला तोड नाही: मोझार्टच्या ‘दोन जोव्हानी’चा पहिला प्रयोग 1787 मध्ये जिथे झाला ते इस्टेट्स थिएटर आजही चालू आहे, आणि दरवर्षी 12 मेपासून ‘प्राग स्प्रिंग’ संगीत महोत्सव रंगतो.

अडचण येते ती गर्दीची. जुन्या चौकातून पुलाकडे आणि पुलावरून किल्ल्याकडे जाणारी एकच वाट आहे आणि सगळं जग त्याच वाटेने चालत असतं. सकाळी नऊनंतर पुलावर थांबून पुतळा बघायचा म्हटलं तरी मागून रेटा येतो. या वाटेवरच्या दुकानांमध्ये प्रागकरांच्या रोजच्या उपयोगाचं फारसं काही उरलेलं नाही. खरं नांदतं प्राग पाहायचं तर ट्राम पकडून विनोह्रादी किंवा लेत्नाकडे जावं लागतं. तिथे गेलात तर शहर फार लोभस आहे, पण चार दिवसांच्या पाहुण्याला तेवढी सवड बहुधा मिळत नाही. उत्साही माणसाने पहाटे सहाला पूल गाठावा, तेव्हा तो खरंच आपला असतो.

क्राकूफचं तसं नाही. कोणत्याही फोटोत ते सहजासहजी मावत नाही. त्याचा मोठा चौक, रिनेक, 1257 मध्ये आखला गेला. 1241 च्या मंगोल हल्ल्यात शहर उद्ध्वस्त झालं होतं, त्यानंतरची ही नवी आखणी. प्रत्येक बाजू सुमारे दोनशे मीटर. मधोमध सुकेन्नित्से ही कापड बाजाराची लांबलचक कमानदार इमारत, एका कोपऱ्यात सेंट मेरीचं विटांचं चर्च, त्याचे दोन मनोरे एकमेकांशी न जुळणारे. चौकाभोवती पर्यटकांची हॉटेलं आहेत, घोडागाड्या आहेत, पण त्यातूनच सायकलवरून वर्गात निघालेले विद्यार्थी जातात, बाजारहाट करून परतणाऱ्या आज्या जातात आणि निळ्या गाडीवर ओबवाझानेक विकणारा माणूस सकाळी सातला हजर असतो. ओबवाझानेक म्हणजे खसखस, तीळ किंवा मीठ लावलेला पिळदार पावाचा गोल. बाहेरून कडक, आतून मऊ. सकाळचा ताजाच घ्यावा, संध्याकाळी तो वातड होतो.

दर तासाला सेंट मेरीच्या उंच मनोऱ्यातली खिडकी उघडते आणि तुतारी वाजते. वाजवणारे असतात अग्निशमन दलाचे जवान, आणि दिवस-रात्र पाळ्या लावून ते हे काम करतात. धून एकामागून एक चारही दिशांना वाजते, पहिल्यांदा राजवाड्याच्या म्हणजे वावेलच्या दिशेला. दर वेळी ती मध्येच, सूर पुरा न होता तुटते. तातारांचा, म्हणजे त्याच मंगोलांचा, बाण पहारेकऱ्याच्या गळ्यात घुसला म्हणून, अशी दंतकथा सांगतात. दुपारी बाराची धून 1927 पासून पोलिश रेडिओवरून देशभर ऐकवली जाते. हे पर्यटकांसाठी उभं केलेलं नाही, कारण पहाटे तीनला चौक रिकामा असतानाही तुतारी वाजतेच. दिवसा मात्र वाजवून झाल्यावर तो जवान खिडकीतून हात हलवतो आणि खाली उभी असलेली लहान-मोठी सगळी माणसं त्याला हात करतात. प्रागच्या 1410 च्या खगोलीय घड्याळापुढेही दर तासाला गर्दी जमते. यंत्र म्हणून ते थोर आहेच. तरी मला त्या हात करणाऱ्या माणसासाठी चौकात पुन्हा पुन्हा थांबावंसं वाटलं.

याच चर्चमध्ये फाइट श्टोस या शिल्पकाराने 1477 ते 1489 या काळात घडवलेली लाकडी वेदी, म्हणजे दारं असलेला कोरीव देव्हाराच, आहे. उंची सुमारे तेरा मीटर. दुपारी बाराच्या थोडं आधी तिची दारं उघडतात, ती वेळ साधा. मधल्या भागातले प्रेषित माणसापेक्षा मोठे आहेत, पण त्यांचे हात नीट पाहा: फुगलेल्या शिरा, कामाने सुजलेली बोटांची पेरं, सुरकुतलेली मनगटं. मूर्तिकाराने साधू-संतांना कष्टकऱ्यांचे हात दिले आहेत. युद्धात नाझींनी ही वेदी सुटी करून न्यूरेंबर्गला पळवली होती. युद्ध संपल्यावर ती परत आली. या एका कलाकृतीसाठी क्राकूफला जावं असं मी बेधडक सांगेन. तिथून दहा मिनिटांवर चार्तोरिस्की संग्रहालयात लिओनार्दोचं ‘अर्मिन घेतलेली स्त्री’ हे चित्र आहे (अर्मिन म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी). लूव्हरमध्ये मोनालिसापुढे जशी झुंबड असते तशी इथे नसते, शांतपणे समोर उभं राहता येतं.

दोन्ही शहरांना विद्येची जुनी परंपरा आहे. प्रागचं चार्ल्स विद्यापीठ 1348 चं, क्राकूफचं 1364 चं. कासिमिर राजाने क्राकूफच्या प्राध्यापकांच्या पगाराची तरतूद विएलिच्काच्या मिठाच्या खाणीच्या उत्पन्नातून केली होती. 1491 मध्ये कोपर्निकस इथेच शिकायला आला. कोलेजियम मायुस या जुन्या इमारतीच्या कमानदार अंगणात थोडा वेळ जरूर बसा.

ती मिठाची खाण शहरापासून अवघ्या 14 किलोमीटरवर आहे. जुनं क्राकूफ आणि ही खाण, दोन्ही 1978 च्या युनेस्कोच्या अगदी पहिल्या जागतिक वारसा यादीतली, आणि त्या यादीत जगभरातली मिळून बाराच ठिकाणं होती. सुरुवातीलाच 380 लाकडी पायऱ्या उतरून 64 मीटर खाली जायचं असतं, मग पुढे 101 मीटर खोलीवरचं सेंट किंगाचं देवालय. जमीन, भिंती, मूर्ती, झुंबरांचे लोलक, सगळं मिठाचं, आणि ते कोरलं खाणकामगारांनी. वर येताना लिफ्ट आहे, पण एकूण पायऱ्या आठशेच्या घरात जातात. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर हे आधीच विचारात घ्या. खाली वर्षभर 17-18 अंश तापमान असतं, एक स्वेटर पुरतो.

चालण्याच्या बाबतीत मात्र क्राकूफ ज्येष्ठांना नक्कीच सोयीचं. जुना गाव सपाट आहे. तटबंदी पाडून तिथे केलेली ‘प्लांती’ ही बागेची सुमारे चार किलोमीटरची कडी त्याला वेढून आहे, दर थोड्या अंतरावर बाक आहेत. बार्बिकन या जुन्या वेशीच्या बुरुजापासून वावेलपर्यंत रमतगमत अर्धा तास. प्रागमध्ये चढ-उतार जास्त आणि दगडी फरसबंदी पायाला जाणवते. किल्ल्याला चढून जाण्याऐवजी 22 नंबरच्या ट्रामने वर जावं आणि उतरताना चालावं.

आता जड विषय. दोन्ही शहरांत ज्यू वस्त्यांचा इतिहास आहे. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, सुमारे 80,000 ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. क्राकूफमध्ये काझिमिएश ही जुनी ज्यू वस्ती आणि नदीपलीकडे पोद्गूर्झे, जिथे 1941 ते 1943 ज्यूंना कोंडून ठेवलेला घेट्टो होता. तिथल्या चौकात रिकाम्या धातूच्या खुर्च्या मांडल्या आहेत. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलरच्या कारखान्यात 2010 पासून युद्धकाळातल्या क्राकूफवर संग्रहालय आहे. काझिमिएशमध्ये आज कॅफे, छोटी दुकानं, रात्री उशिरापर्यंत झापिएकांका (चीज-मशरूम घालून भाजलेला लांब पाव) खाणारी तरुण मंडळी दिसतात. मुक्कामासाठी मी हाच भाग सुचवेन.

ऑशवित्झ ही नाझींची मृत्युछावणी क्राकूफपासून सुमारे 65-70 किलोमीटरवर आहे. सुमारे 11 लाख माणसं तिथे मारली गेली. प्रवेश मोफत आहे, पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नावानिशी आरक्षण करावं लागतं, आणि हंगामात ते बरंच आधी संपतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं संग्रहालयच सुचवतं. ‘सकाळी ऑशवित्झ, दुपारी मिठाची खाण’ अशा एकदिवसीय सहली सर्रास विकल्या जातात. त्या घेऊ नका. ऑशवित्झ आणि छावणीचा दुसरा भाग बिर्केनाऊ मिळून निदान साडेतीन तास लागतात आणि त्यानंतर झुंबरं बघायच्या मनःस्थितीत माणूस राहत नाही. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये.

इथे एक धागा आपल्या मातीशीही जुळतो. 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. पूर्व भागातून सैबेरियाकडे हद्दपार झालेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत येऊन राहिले. 1943 ते 1948 अशी पाच वर्षं ती छावणी होती. ती माणसं क्राकूफची नव्हती, तरी युद्धाचं संग्रहालय पाहताना ती आठवतात आणि पोलंड एकदम परका वाटेनासा होतो.

शाकाहारी मंडळींनी काय खावं? प्रागमध्ये भारतीय आणि शाकाहारी उपाहारगृहं जास्त सापडतील. स्थानिक खाण्यात मात्र तळलेलं चीज आणि बटाटा यापुढे गाडी फारशी सरकत नाही. क्राकूफमध्ये ‘बार म्लेच्नी’ शोधा. हे साम्यवादी काळापासूनचे स्वस्त खानावळीसारखे बार, दारूचा संबंध नाही. भिंतीवर पोलिश पाटी, काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून थाळी घ्यायची आणि जेवून झाल्यावर ताट दुसऱ्या खिडकीत ठेवायचं. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेले ‘पिएरोगी रुस्किए’ घ्या, उकडीच्या करंजीसारखे दिसतात. पण मागताना ‘बेझ स्क्वार्कुफ’ म्हणायला विसरू नका, नाहीतर वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरून येतात. फळांचं सारण घातलेले गोड पिएरोगीही मिळतात. बीटच्या सूपमध्ये मांसाचा रस असू शकतो, विचारूनच घ्या. खर्चाच्या बाबतीत राहणं आणि जेवण, दोन्ही क्राकूफमध्ये बऱ्यापैकी स्वस्त पडतं.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एक सूचना: पोलंडमध्ये 1 आणि 3 मे या सार्वजनिक सुट्ट्या असतात. त्या दिवसांत दुकानं बंद आणि पर्यटनस्थळं देशी पाहुण्यांनी भरलेली. 5 मेनंतर पोहोचलेलं बरं. हिवाळ्यात क्राकूफला धुरक्याचा त्रास असायचा. सप्टेंबर 2019 पासून शहरात कोळसा आणि लाकूड जाळण्यावर बंदी आहे, तरी श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी उन्हाळाच निवडावा.

मग कोणी काय निवडावं? युरोपला एकदाच जाणार असाल, किल्ला-पूल-कॅथेड्रल असं डोळे दिपवणारं काही हवं असेल, संध्याकाळी मैफल ऐकायची असेल, किंवा पुढे व्हिएन्नाला रेल्वेने जायचं असेल, तर प्राग घ्या, पस्तावणार नाही. सोबत वयस्कर माणसं असतील, एकाच मुक्कामावरून इतिहासाचे वेगवेगळे थर सावकाश बघायचे असतील, खिसा सांभाळायचा असेल, तर क्राकूफ. लहान मुलं असतील तरीही क्राकूफच: वावेलच्या पायथ्याशी तोंडातून खरी आग ओकणारा ड्रॅगनचा पुतळा आहे आणि मुलं तिथून हलत नाहीत.

आठवडा असेल तर दोन्ही जमतं. मधला रेल्वे प्रवास सात तासांच्या आसपास. अशा वेळी क्राकूफला चार रात्री आणि प्रागला तीन ठेवा, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज पोलंडकडे करा, कारण जिथे जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. चलन दोन्हीकडे वेगळं आहे, पोलंडमध्ये झ्लॉटी आणि चेक प्रजासत्ताकात कोरुना, तेव्हा युरो घेऊन जाण्यापेक्षा चालणारं कार्ड जवळ ठेवणं सोपं.