एकाच पत्त्याची तीन मशिन्स: सिस्को आयई-३४०० वरचं नॅट

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये पॅकिंग लाइनवर एकाच मशीन-बिल्डरची तीन मशिन्स आहेत. तिन्हींच्या पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.१०, एचएमआयचा (ऑपरेटरच्या स्क्रीनचा) १९२.१६८.१.११. मशिन्स सुटी चालत होती तोवर कुणाचं काही अडलं नाही. डाउनटाइम स्काडावर (सगळ्या मशिन्सवर नजर ठेवणाऱ्या मध्यवर्ती सिस्टिमवर) दिसला पाहिजे असं ठरलं आणि तिढा पडला: एका नेटवर्कात एकच पत्ता तिघांना चालत नाही. पीएलसीला पासवर्ड, आणि प्रोग्रॅमला हात लावला की वॉरंटी गेली. पत्ते बदलून घ्यायचे तर बिल्डरचा माणूस बोलवा, व्हिजिटचे पैसे भरा आणि तेवढा वेळ लाइन बंद ठेवा.

म्हणून प्रत्येक पॅनेलमध्ये आयई-३४०० हा सिस्कोचा इंडस्ट्रियल नेटवर्क स्विच एकेक बसवला आणि स्टॅटिक नॅट, म्हणजे आतल्या पत्त्याला बाहेरचा ठरलेला पत्ता लावणं, त्या स्विचवरच केलं. मशीनच्या आत एक अक्षरही बदललं नाही. मला या स्विचचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते याचसाठी.

काम लेअर टूवर (राउटिंगशिवाय, स्विचिंगच्याच पातळीवर) होतं, हार्डवेअरमध्ये होतं, त्यामुळे डेटा वाचायला उशीर लागत नाही. एक इन्स्टन्स (नियमांचा संच) बनवायचा, त्यात ओळी लिहायच्या आणि तो अपलिंक पोर्टला (प्लांटच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या) जोडायचा. पहिली ओळ सगळेच लिहितात: इनसाइड फ्रॉम होस्ट १९२.१६८.१.१० टू १०.१.१.११०. दुसऱ्या मशीनला १२०, तिसऱ्याला १३०. खरी मेख पुढच्या ओळीत आहे: आउटसाइड फ्रॉम होस्ट १०.१.१.५ टू १९२.१६८.१.२५०. इथे १०.१.१.५ हा आमचा स्काडा सर्व्हर. ही ओळ नसेल तर स्काडाची विचारणा पीएलसीपर्यंत बरोबर पोचते, पण पीएलसीत गेटवे (दुसऱ्या नेटवर्कात जायच्या वाटेचा पत्ता) भरलेलाच नसतो. १०.१.१.५ हा त्याला परका पत्ता, उत्तर कुठे धाडायचं ते कळत नाही. ओळ लिहिली की स्काडा त्याला आपल्याच नेटवर्कातला २५० नंबरचा शेजारी दिसतो आणि गेटवेची गरजच उरत नाही. घड्याळ जुळवणारा एनटीपी सर्व्हर, प्रोग्रॅमिंगचा लॅपटॉप, ज्याला ज्याला पीएलसीशी बोलायचंय त्या प्रत्येकासाठी अशी एक ओळ हवी.

अडलं तर 'शो एल-टू-नॅट स्टॅटिस्टिक्स' बघा. आत जाणारे आकडे वाढतायत आणि बाहेर येणारे जागचे हलत नाहीत, तर आउटसाइडची ओळ राहिलेली आहे. एआरपी (कुठला पत्ता कुणाचा हे विचारणारा संदेश) आणि पिंगच्या पाकिटांतले पत्ते स्विच स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे पिंगवर भरवसा ठेवून तपासणी करता येते. ज्या ट्रॅफिकसाठी ओळ नाही ते मूळ सेटिंगमध्ये अडवलं जातं. मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारं ट्रॅफिक) लागणार असेल तर परमिट वेगळं द्यावं लागतं.

मर्यादाही सांगतो, कारण विकणारे त्या सांगत नाहीत. भाषांतर एकास एकच होतं. आतल्या प्रत्येक पत्त्याला बाहेर स्वतंत्र पत्ता लागतो, म्हणजे आयटीकडून आधीच पत्त्यांचा एक पट्टा मागून ठेवा. डेटाच्या पोटात लिहिलेला पत्ता बदलला जात नाही, त्यामुळे डीकॉमवर (विंडोजच्या जुन्या पद्धतीवर) चालणारं जुनं ओपीसी (मशीनचा डेटा देण्याघेण्याचं मानक) यातून चालवायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या नव्या रूपात, ओपीसी यूएमध्येही, सर्व्हर आपला एंडपॉइंट (जोडणीचं ठिकाण) कळवताना आतलाच पत्ता कळवतो आणि क्लायंट तिकडे धावतो. सर्व्हरच्या एंडपॉइंटमध्ये नाव असू द्या आणि स्काडाच्या होस्ट्स फाइलमध्ये त्या नावापुढे बाहेरचा पत्ता लिहा, प्रश्न मिटतो.

स्विच स्वस्त नाही. दर मशीनला एक म्हटल्यावर खरेदी विभाग भुवया उंचावणारच. व्हीलॅन पाडून (एकाच स्विचचे वेगळे भाग करून) तिन्ही मशिन्स एकाच स्विचवर घेता येतात, पण मग वर लेअर थ्री (राउटिंग करणारा) स्विच लागतो आणि एक स्विच गेला की तिन्हींचा डेटा एकदम जातो. मी पॅनेलनिहाय स्विचच घेईन. पंखा नाही, डिन रेलवर बसतो, पॅनेलमधल्या २४ व्होल्टवर चालतो. कॉन्फिग एसडी कार्डावर ठेवली की रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियनसुद्धा स्पेअर स्विच लावून ते कार्ड त्यात टाकू शकतो.

ऑर्डर देताना एक बघा: ८ कॉपर आणि २ अपलिंकच्या मॉडेलमध्ये अपलिंक एसएफपी (वेगळं मॉड्यूल घालायचे) आहेत, आणि नॅट तिथेच लागतं. प्लांटमध्ये फायबर नसेल तर कॉपरचे एसएफपी त्याच ऑर्डरमध्ये घ्या.