पावसाळ्यात होडीची बॅटरी: घरी आणावी की सोलरवर ठेवावी?

१ जूनला मासेमारी बंद झाली की होडी किनाऱ्यावर शाकारली जाते. बॅटरी आतच ठेवून छोट्या सोलर पॅनलला जोडणं सोयीचं, जड ओझं उचलायला नको. पण आषाढातल्या ढगांत, त्यातून ताडपत्रीखाली, पॅनलला ऊन मिळणार कुठून?

म्हणून घरी आणलेली बॅटरीच मला भरवशाची वाटते. टर्मिनलवरचं मीठ पुसा, व्हॅसलीन लावा. झाकणं उघडल्यावर आतल्या शिशाच्या प्लेटा पाण्याबाहेर उघड्या दिसल्या तर आधी डिस्टिल्ड वॉटर घाला आणि हवेशीर पडवीत महिन्यातून एकदा चार्ज करा. चार्जर काढून काही तासांनी मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले की ठीक. १२.४ च्या खाली बरेच दिवस राहिली तर प्लेटांवर सल्फेट (कडक पांढरट थर) धरतं, ते मग सहसा निघत नाही.

सोलर कामाचा दिवाळीनंतर, तोही चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारी डबी) लावूनच.